धरणाची शिल्लक आणि वस्तीतला दिवा

वीज गेली की आपण लाइनमनच्या नावाने बोटे मोडतो. बिल वाढून आले की वीज कंपनीच्या नावाने मोडतो. दोन्ही वेळा आपला राग काही अंशी रास्तच असतो. पण आपल्या घरातल्या दिव्याची एक वायर थेट आभाळापर्यंत गेलेली आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पाण्यापासून होणारी वीज पावसावर अवलंबून असते आणि गेल्या काही वर्षांत पावसाची चालच बदलली आहे. पाऊस, धरण, वीज आणि गरिबाचे घर यांचा हा संबंध समाजबांधवांनी समजून घेतला पाहिजे. माता-भगिनींनी तर विशेष करून, कारण अंधारात चूल, पाणी आणि पोरांचा अभ्यास ही तिन्ही कामे त्यांच्याच अंगावर पडतात.

पाण्याची वीज होते कशी?

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. या जलाशयाला शिवसागर म्हणतात. त्यातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेतात आणि पोफळीच्या बाजूला खाली सोडतात. पाणी साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळते, त्या जोराने टर्बाइनचे चाक फिरते, चाकाबरोबर जनित्र फिरते आणि वीज तयार होते. हिशेब सोपा आहे. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवरची एक मोठी टाकी, खाली आली की साधारण एक युनिट वीज मिळते. हेच पाणी शंभर मीटरवरून पडले तर जेमतेम पाव युनिट मिळते. म्हणजे वीज ठरते दोन गोष्टींवर: पाणी किती आणि ते पडते किती उंचीवरून. जलाशयाची पातळी उतरली की दोन्ही बाजूंनी तोटा होतो. पाणी कमी आणि उंचीही कमी.

कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राची बहुतेक वीज कोळशावर होते हे खरे. पण कोळशाचे संच झटपट चालू-बंद करता येत नाहीत. पाण्याचे संच काही मिनिटांत सुरू होतात. संध्याकाळी सात वाजता घरोघर दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम लागतात, तेव्हा वाढलेला भार उचलायला कोयना धावून येते. म्हणून कोयनेचे महत्त्व तिच्या टक्केवारीपेक्षा मोठे आहे.

चार महिने जमा, बारा महिने खर्च

माझे शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी कारकुनाची, त्यामुळे मला धरण हे बँकेतल्या खात्यासारखे दिसते. कोयनेचे वर्षही आर्थिक वर्षासारखे ठरलेले आहे. १ जून ते ३१ मे हे तिचे तांत्रिक वर्ष. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जी जमा होईल, तीच पुढच्या पावसापर्यंत पुरवायची. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. वीज तयार झाली की हे पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. उरलेल्या पाण्यावर पूर्वेकडच्या सातारा-सांगलीच्या शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क आहे.

पाऊस भरपूर झाला की दोन्ही खातेदार खूश असतात. पाऊस तुटला की प्रश्न उभा राहतो: पाणी पूर्वेला सोडायचे की पश्चिमेला? शेताला द्यायचे की दिव्याला? आणि हे ठरवायचे कोणी?

आता जमेच्या बाजूचे काय चालले आहे ते पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. त्याच काळात तिथल्या पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. पाऊस एका दिवसात धो-धो पडतो आणि मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही. समुद्राचे पाणी तापले की हवेत बाष्प जास्त शिरते आणि ते एकदम ओतले जाते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

आपणही हे अनुभवले आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत चिपळूण बुडाले. उलट ऑगस्ट २०२३ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी.

कुणी म्हणेल, एकूण पाऊस वर्षाअखेर सारखाच झाला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. खात्यात पैसे ठेवायला मर्यादा असते. धरण भरत आले आणि वरून अतिवृष्टी झाली, की भिंत वाचवण्यासाठी आणि खालची गावे सांभाळण्यासाठी दरवाजे उघडावे लागतात. दरवाजातून वाहून गेलेल्या त्या लोंढ्यातून बोगद्यातल्या टर्बाइनला काहीच मिळत नाही. म्हणजे महिन्याभराचा पगार एका दिवशी हातात आला, त्यातला अर्धा गटारात पडला आणि उरलेल्यावर वर्ष काढायचे. शिवाय ऊन वाढले की जलाशयावरून वाफ होऊन जाणारे पाणी वाढते. अतिवृष्टीने डोंगराची माती खाली येते, ती जलाशयात बसते आणि साठवण कमी होते. हिमालयातल्या नद्यांमध्ये तर गाळातली वाळू टर्बाइनची पाती घासून टाकते. सतलज नदीवरच्या १५०० मेगावॅटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात पुराचा गाळ वाढला की यंत्रे थांबवून ठेवावी लागतात.

खर्चाच्या बाजूलाही ताण आहे. उन्हाळा जितका कडक, तितके पंखे, कूलर आणि एसी जास्त. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोचली, तो त्या वेळचा उच्चांक होता. म्हणजे मे महिन्यात मागणी शिखरावर असते, आणि त्याच महिन्यात धरणे तळाला गेलेली असतात.

अशा तुटीच्या वर्षी सरकार काय करते? जास्त कोळसा जाळते. २०२३-२४ मध्ये देशाची जलविद्युत निर्मिती आदल्या वर्षापेक्षा सुमारे १६-१७ टक्क्यांनी घटली आणि ती खोट मुख्यतः कोळशाने भरून काढली. कोळशाच्या धुराने हवा तापते, हवा तापली की पावसाचा ताल बिघडतो, पाऊस बिघडला की पुन्हा कोळसा. सावकाराचे व्याज भरायला दुसऱ्या सावकाराकडून कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे.

करिबाचे रिकामे खाते

आपल्याकडे निदान कोळशाचा आधार तरी आहे. जो देश जवळजवळ पाण्यावरच विसंबून आहे, त्याचे काय होते हे आफ्रिकेतल्या झांबियाने दाखवून दिले आहे. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरून झांबेझी नदी वाहते. तिच्यावर गोऱ्या राज्यकर्त्यांनी १९५५ ते १९५९ या काळात करिबा धरण बांधले. त्याची साठवण सुमारे १८० अब्ज घनमीटर आहे, म्हणजे आपली साठ कोयना धरणे मावतील एवढी. नदीच्या दोन्ही काठांवर दोन्ही देशांची वीजगृहे आहेत. झांबियाच्या वीजनिर्मिती क्षमतेत पाण्याचा वाटा चार-पंचमांशाहून जास्त आहे.

एवढा समुद्रासारखा जलाशय आटेल असे कुणाला वाटले नसेल. पण वीजनिर्मितीला उपयोगी पडते ते फक्त वरच्या १३ मीटरमधले पाणी. पातळी ४७५.५ मीटरच्या खाली गेली की यंत्रे बंद ठेवावी लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये उपयुक्त साठा ४.६ टक्क्यांवर आला. दोन्ही देशांचे सामाईक झांबेझी नदी प्राधिकरण पाण्याचे वाटप करते. झिंबाब्वेच्या वीजगृहाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त पाणी वापरले होते. खाते ओव्हरड्राफ्ट झाले होते म्हणा ना! प्राधिकरणाने त्या वीजगृहाला निर्मिती थांबवण्याचा आदेश दिला.

त्यानंतर २०२३-२४ चा दुष्काळ आला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाचे अध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मार्चपासून दिवसाला आठ तास वीज बंद राहू लागली. वर्ष सरत आले तेव्हा अनेक भागांत वीस-एकवीस तास अंधार होता. तांब्याच्या मोठ्या खाणी बाहेरून महाग वीज विकत घेऊ शकत होत्या. केशकर्तनाचे दुकान, वेल्डिंगची टपरी, शिलाई मशीन यांवर पोट असलेल्यांनी काय विकत घ्यावे? विजेची शेगडी बंद पडली की शहरातल्या बाया लोणारी कोळशाकडे वळतात. त्यासाठी जंगल तुटते. म्हणजे तिथेही तेच दुष्टचक्र.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने हा दुष्काळ तपासला, तेव्हा त्यामागे मुख्य कारण एल निनो आढळले. प्रशांत महासागराचे पाणी तापण्याचे हे चक्र पूर्वापार चालत आलेले आहे. प्रत्येक दुष्काळाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. पण दक्षिण आफ्रिका खंडाचा तो पट्टा तापत चालला आहे, आणि पुढे तिथे दुष्काळ वाढतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आधीच हात तंगीत असलेल्या घरात आजारपण यावे, तशी ही अवस्था आहे.

करिबाची आणखी एक बाजू आहे. धरणासाठी टोंगा जमातीचे सुमारे ५७ हजार लोक उठवले गेले. नदीकाठची सुपीक जमीन गेली आणि कोरडी, निकस जमीन पदरी पडली. विरोध करणाऱ्यांवर १९५८ साली गोळीबार झाला आणि आठ माणसे मेली. त्यांच्या डोक्यावरून विजेच्या तारा दूरच्या खाणींकडे गेल्या, पण त्यांच्या कितीतरी गावांत दशकानुदशके दिवा लागला नाही. कोयनाग्रस्तांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. कोयनेची वीज १९६२ पासून महाराष्ट्राला मिळते आहे, आणि पुनर्वसनासाठी त्यांना २०१८ सालीही कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला.

बोगद्यात कोण होते?

पाणी आटण्याचा धोका जसा, तसा पाणी अचानक फुटून येण्याचाही. हिमालयातल्या हिमनद्या वितळू लागल्या आहेत. सुरुवातीला त्यामुळे नद्यांना पाणी वाढते, पुढे बर्फाची शिल्लक संपली की ते घटणार. मधल्या काळात वितळलेल्या पाण्याची तळी डोंगरावर तयार होतात आणि फुटतात. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमतळे फुटले आणि चुंगथांग येथील तीस्ता-३ या १२०० मेगावॅट प्रकल्पाचे धरण वाहून गेले. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फाचा कडा कोसळला. ऋषिगंगा प्रकल्प नष्ट झाला आणि तपोवन येथील बांधकाम उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य होते प्रकल्पांवर राबणारे मजूर, आणि कित्येक जण बोगद्यातच अडकले होते. वीज शहरात जळते, पण तिच्यासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस कुठल्या घरातून येतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आधी कोणाचा दिवा जातो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तूट सर्वांची असते. पण कात्री कुठे लागते?

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात वीजवाहिन्यांचे गट पाडले गेले. ज्या वाहिनीवर वीजगळती जास्त आणि वसुली कमी, तिथे वीज जास्त तास बंद. एप्रिल २०२२ मध्ये तुटवडा आला, तेव्हाही भारनियमनाची झळ अशाच जास्त गळतीच्या वाहिन्यांना आधी बसली. वरवर पाहता नियम योग्य वाटतो. चोरी होते तिथे शिक्षा! पण वाहिनी ही एका माणसाची नसते. ज्या वस्तीत जुन्या तारा, कमी ट्रान्सफॉर्मर आणि घराचा कागद नसल्याने अधिकृत मीटर मिळायला अडचण, तिथे गळती जास्त दिसणारच. त्याच गल्लीत एखादी विधवा भगिनी दर महिन्याला रांगेत उभी राहून बिल भरत असते. तिचाही दिवा जातो. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याला भारनियमन म्हणजे थोडी गैरसोय. वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे त्यात वर्ष जाते.

दुसरी कात्री बिलातून लागते. स्वस्त पाण्याची वीज कमी झाली की महाग वीज विकत घेतली जाते. तो जादा खर्च ‘इंधन समायोजन आकार’ या नावाने बिलात येतो. बहुतेक जण बिलाचा शेवटचा आकडा पाहतात आणि खिशात हात घालतात. आपल्या घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने एकदा बिलाची प्रत्येक ओळ आईला वाचून दाखवावी.

बाबासाहेबांनी पाहिलेली वीज

या विषयाशी आपला जुना संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणविषयक समितीपुढे त्यांनी भूमिका मांडली की देशाला वीज नुसती मिळून भागणार नाही, ती स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय जमिनीवर पडलेला दारिद्र्याचा भार हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांची पायाभरणी तेव्हाच झाली.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या पुराचा प्रश्न हाताळला. आधीच्या समित्यांनी पुराचे पाणी समुद्रात लवकर कसे घालवावे याचाच विचार केला होता. बाबासाहेबांनी तो विचारच उलटवला. माणसाचे नुकसान जादा पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त होते, तेव्हा पाणी साठवा आणि शेती, वीज, जलवाहतूक या सर्वांसाठी वापरा, असे त्यांनी सांगितले. एका दिवसात महिन्याचा पाऊस पडण्याच्या आजच्या काळात हा विचार जुना झालेला नाही. मात्र त्यात एक भर घालावी लागेल. त्या वेळी पावसाची सरासरी काढून पन्नास वर्षांचे गणित मांडता येत होते. आता जुनी सरासरी पुढच्या वर्षाचा भरवसा देत नाही.

करायचे काय?

तंत्रज्ञांकडे काही उपाय आहेत. दिवसा सौर वीज वापरावी आणि धरणाचे पाणी संध्याकाळसाठी राखावे. सह्याद्रीतल्या घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. जादा वीज असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि गरज पडेल तेव्हा तेच पाणी सोडून वीज करायची. दिवसाच्या सौर विजेला अशा प्रकल्पांची जोड मिळाली तर पावसावरचा भार हलका होईल. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला केंद्राची अनुदान योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली. पण तिचा लाभ घ्यायला स्वतःचे पक्के छत लागते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याने काय करावे? यासाठी आपल्यालाच एकत्र यावे लागेल. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या छतावर, लोकवर्गणीतून आणि लोकप्रतिनिधीच्या निधीतून, चार पॅनेल आणि एक बॅटरी बसली तरी अभ्यासिकेचे दिवे रात्री दहापर्यंत चालू राहतील. जयंतीच्या रोषणाईवर आपण दरवर्षी जो खर्च करतो त्यातला काही भाग इकडे वळवण्याचा विचार मंडळांच्या कार्यकर्त्यांनी करावा.

पण खरे काम याहून मोठे आहे. पाणी आणि वीज यांची तूट येणार हे आता गृहीत धरले पाहिजे. तूट आल्यावर वाटणी ठरवायला बसले की ज्याचा आवाज मोठा तोच जिंकतो. म्हणून वाटणीचे नियम आधी, उघडपणे आणि लोकांसमोर ठरले पाहिजेत. धरणात इतके टीएमसी पाणी उरले तर पिण्याला किती, शेतीला किती, विजेला किती? भारनियमन करावे लागले तर दवाखाना, पाणीपुरवठा आणि अभ्यासिका यांना सूट आहे काय? नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकाला शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा का? वीजदर ठरवताना राज्याचा वीज नियामक आयोग जनतेच्या हरकती मागवतो. तिथे उद्योगांचे वकील फायली घेऊन हजर असतात. आपल्या वस्तीचे किती अर्ज जातात?

या आठवड्यात निदान एवढे करावे. गल्लीतल्या दहा घरांची मागच्या तीन महिन्यांची बिले एकत्र घ्यावीत, वीज किती वेळा आणि किती तास गेली याची तारीखवार नोंद एका वहीत सुरू करावी. पुढच्या सुनावणीला ही वही हाती असेल, तर आपल्या तक्रारीला आकड्यांचा आधार असेल.